सेकंदाला चौदा ठोके

बेळगावच्या टिळकवाडीतील माझ्या स्टुडिओत मुख्यतः भजनी मंडळांची आणि कन्नड भावगीतांची कामे येतात. निवडणुकीच्या हंगामात त्यांत प्रचारगीतांची भर पडते. खानापूर आणि बेळगावच्या चार तरुणांच्या डेथ मेटल (गुरगुरता आवाज आणि जड गिटार असलेला वेगवान रॉकचा प्रकार) बँडचे गाणे मी रेकॉर्ड करणार आहे हे कळल्यावर व्यवसायातील दोघांनी मला असला गोंगाट घेऊ नका, माइक खराब होतील, असे बजावले. हे संगीत कधी कान देऊन न ऐकलेल्यांचा तो सल्ला होता. गाणे आता प्रसिद्ध झाले आहे. मात्र त्यातील ड्रम्सबाबत रेकॉर्डिंगच्या दिवशी जो निर्णय झाला तो मला अजून पटलेला नाही, आणि तो चुकीचा होता असेही म्हणवत नाही.

गायक घसा फाडून ओरडतो असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात खोलीत उभे राहिले, तर तो आवाज मोठ्याने बोलण्यापेक्षा फारसा चढा नसतो. खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या मिथ्या स्वरतंतूंच्या कंपनातून ती खोल गुरगुर उमटते आणि पोटातून येणारा श्वास स्थिर नसेल तर ती दोन ओळींतच तुटते. हा मुलगा लहानपणापासून गावच्या भजनात गात आला आहे. ओळीत कुठे श्वास घ्यायचा हे त्याला सांगावे लागले नाही.

गिटारने मात्र आम्हाला दमवले. सर्वांत जाड तार एरवी सुमारे ८२ हर्ट्झला लावतात; हे लोक ती ६२ हर्ट्झपर्यंत उतरवतात. साधी तार इतकी उतरवली की ती सैल पडते आणि जोरात छेडताच सूर वर सरकतो, म्हणून जाड तारांचा संच लागतो. तो इथल्या दुकानात मिळाला नाही, ऑनलाइन मागवावा लागला. शिवाय गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या डिस्टॉर्शनमध्ये बारीकसारीक आवाजही शेकडो पटींनी वाढतो आणि विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुण, तिच्या १०० आणि १५० हर्ट्झच्या पटींसह, गाण्याच्या मधल्या शांत जागांत उघडी पडते. स्टुडिओ बांधताना मी अर्थिंगसाठी स्वतंत्र खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा भरून घेतला होता, तेव्हा गवंड्यापासून घरच्यांपर्यंत सर्वांना तो वायफळ खर्च वाटला होता. त्या दिवशी गिटारवादकाने तारांवरचा हात थांबवला आणि स्पीकरमधून काहीही ऐकू आले नाही, याचा मला मनापासून अभिमान वाटला.

आता ड्रम्सविषयी. गाण्याचा वेग मिनिटाला २१० मात्रांचा होता. या वेगाला डबल पेडलवर, म्हणजे दोन्ही पायांनी एकच मोठा ड्रम वाजवायच्या साधनावर, एका मात्रेचे चार भाग केले की दोन्ही पायांचे मिळून सेकंदाला चौदा ठोके होतात आणि दोन ठोक्यांमध्ये सुमारे ७१ मिलिसेकंद उरतात. किकचा, म्हणजे या मोठ्या ड्रमचा, नुसता घुमार घेतला तर इतके जवळचे ठोके एकमेकांत मिसळून जातात. म्हणून मी एक माइक ड्रमच्या आत, पेडल आपटते त्या जागेच्या अगदी जवळ ठेवला आणि ३ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यातील टकटक वर काढली. हे तंत्र माझे नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातील टँपा शहरातल्या मॉरिसाउंड स्टुडिओत या संगीताचा आवाज घडला, त्यात स्कॉट बर्न्ससारख्या ध्वनिमुद्रकांचा वाटा वादकांइतकाच होता.

ड्रमर उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला आहे आणि त्या दिवशी तो रात्रपाळी करून थेट आला होता. पहिली तीन मिनिटे त्याने अचूक वाजवली. शेवटच्या भागात मात्र त्याचा उजवा पाय किंचित मागे पडू लागला. संगणकाच्या पडद्यावर ठोक्यांची टोके तालाच्या नेमक्या जागा दाखवणाऱ्या ग्रिडच्या रेषांपासून सरकलेली स्पष्ट दिसत होती. कानाला ते ओझे ओढत पुढे जाणाऱ्या माणसासारखे लागत होते आणि गाण्यातील शब्दांना ते शोभतही होते. तसेच राहू द्या, असे मी म्हणालो. गिटारवादकाला सगळे ठोके ग्रिडवर हवे होते. मेटलच्या रेकॉर्डिंगमध्ये आता सर्रास तसेच केले जाते. पुष्कळदा किकच्या मूळ आवाजाच्या जागी तयार नमुनाही बसवतात. मी ड्रमरकडे पाहिले, तेव्हा तो म्हणाला, "सर, सरळ करा. पुण्या-बेंगळुरूची पोरं ऐकणार, बेळगावच्या पोराचा पाय कच्चा आहे म्हणतील."

त्याची भीती निराधार नाही. बेळगावात या संगीताला मंच नाही. पुणे साडेतीनशे आणि बेंगळुरू पाचशे किलोमीटरवर, तेव्हा तिथे एक कार्यक्रम करायचा तर गाडीभाडे आणि दोन पाळ्यांची रजा खिशातून जाते, आणि श्रोत्यांशी पहिली ओळख रेकॉर्डिंगमधूनच होते. इथे भाड्याने मिळते ती यंत्रणा मिरवणुकीसाठी रचलेली असते. तिच्यावर किक, बास आणि गिटार यांचा एकच चिखल होतो आणि तो दोष लोक वादकांच्या माथी मारतात. गाणी मराठीत की कन्नडमध्ये असा प्रश्न विचारून एका सभागृहाने त्यांना तारीखच दिली नाही. ड्रमरची मातृभाषा कन्नड, उरलेल्या तिघांची मराठी आणि तालमीत दोन्ही भाषा चालतात, हे ऐकून घेण्याचे सौजन्य तिथे कोणी दाखवले नाही. अशा ठिकाणी टिकून राहणाऱ्या मुलांना माझ्या कानाची आवड किती ऐकवायची?

मी ठोके सरळ केले. ते काम चोख झाले आहे. पण ऐकताना शेवटच्या मिनिटात वाजवणारा माणूस मला सापडत नाही, आणि ज्याचे पाय होते त्यानेच ते मागितले असल्यामुळे तक्रार कोणाकडे करावी हेही कळत नाही. आता तो घरी त्या दुरुस्त केलेल्या रेकॉर्डिंगवर सराव करतो आहे, कारण मंचावर लोक त्याचीच अपेक्षा करतील. पुढच्या गाण्यासाठी वेग १९५ ठेवू, असे मी सुचवले. त्याने साफ नकार दिला. मग मी एकच अट घातली की रेकॉर्डिंग रात्रपाळीनंतर होणार नाही, त्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच होईल. ती त्याने मान्य केली आहे.