स्कॅर्सिटी, शॉर्टेज की दुष्काळ?

डिक्शनरीत स्कॅर्सिटीपुढे 'टंचाई, दुर्मिळता' असं लिहिलेलं असतं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. सोलापुरात हा शब्द कॉलेजच्या अर्थशास्त्राच्या तासाला एका अर्थाने येतो आणि कलेक्टर कचेरीतल्या फाईलवर दुसऱ्या. त्यातच शॉर्टेज (तुटवडा), ड्रॉट (दुष्काळ), फॅमिन (उपासमारीचा दुष्काळ) हे शब्दही सर्रास त्याच्या जागी ठोकून दिले जातात. परीक्षेत यामुळे गुण जातात आणि निवेदनात गावाचा वेळ.

आधी व्याकरण उरकून घेऊ. स्कॅर्सिटी हे नाम आहे, विशेषण 'स्केअर्स'. 'वॉटर इज स्कॅर्सिटी' हे वाक्य चूक. 'वॉटर इज स्केअर्स' किंवा 'देअर इज स्कॅर्सिटी ऑफ वॉटर' हे बरोबर. स्कॅर्सिटीचं अनेकवचन सहसा करत नाहीत, शॉर्टेजचं मात्र बिनदिक्कत 'शॉर्टेजेस' होतं. 'स्केअर्सली' हे क्रियाविशेषण टंचाईसाठी वापरू नका, त्याचा अर्थ 'जेमतेम' किंवा 'क्वचितच' असा होतो.

आता खरा फरक. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी 1932 मध्ये अर्थशास्त्राची जी व्याख्या केली, तिच्या मुळाशी हाच शब्द आहे: गरजा अनेक, साधनं मर्यादित, आणि त्या साधनांना एकाहून अधिक उपयोग. हा शेवटचा भाग विद्यार्थी हमखास विसरतात. भीमेवरचं उजनी धरण शंभर टक्क्यांच्या वर गेलं तरी या अर्थाने पाणी स्केअर्सच राहतं, कारण त्याच पाण्यावर उसाचा, शहराच्या नळाचा, कारखान्यांचा आणि भीमेकाठच्या गावांचा हक्क असतो. एकाला दिलेलं पाणी दुसऱ्याला मिळत नाही. भरपूर पावसाच्या वर्षीही ही स्कॅर्सिटी मिटत नाही.

शॉर्टेज वेगळी. ठरलेल्या भावाला लोकांना जेवढं हवं आहे तेवढं न मिळणं म्हणजे शॉर्टेज. युरियाची 45 किलोची गोणी सरकारी दराने 266 रुपये 50 पैशांना असते. भाव वाढू शकत नाही, म्हणून मागणी चढली की दुकानापुढे रांग लागते आणि लिंकिंग सुरू होतं, म्हणजे गोणीबरोबर नको असलेलं दुसरं खत गळ्यात मारलं जातं. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचं तसं होत नाही. आवक घटली की लिलावातच भाव चढतो, रांग लागत नाही. दोन्हीकडे माल कमीच, पण कांद्याला तिथे शॉर्टेज म्हणणं काटेकोरपणे बरोबर नाही.

नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्याला काय म्हणायचं? धरण भरलेलं असतानाही असं होत असेल तर जलवाहिनीची क्षमता, गळती, पंपिंग आणि टाक्या यांचा तो प्रश्न आहे. शॉर्टेज किंवा सप्लायमधली अडचण म्हणा. त्याला स्कॅर्सिटी म्हटलं की दोष पावसावर जातो आणि दुरुस्तीचा विषय मागे पडतो. मला हे फार चुकीचं वाटतं.

'उजनी मायनस' या बातमीतही असाच घोळ होतो. उजनीची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्यात मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या दारांखाली राहणारं पाणी, 63.66 आणि उपयुक्त साठा 53.57 टीएमसी. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात. म्हणून 'मायनस 20 टक्के' याचा अर्थ मृतसाठ्यातलं साधारण 10.7 टीएमसी गेलं. धरणात अजून जवळपास 53 टीएमसी असतं. पण पातळी उतरल्यावर पाणी पंपापर्यंत पोचवायला दुबार पंपिंग, म्हणजे दोन टप्प्यांत उपसा, करावं लागतं. पाणी आहे, पण हाताशी नाही. स्कॅर्सिटीच्या सरकारी अर्थात हेही मोडतं.

सरकारी अर्थाला कायद्याचा पाया आहे. इंग्रजी अमदानीतल्या फॅमिन कोडमध्ये स्कॅर्सिटी ही फॅमिनच्या अलीकडची पायरी होती. महाराष्ट्राने 1963 मध्ये कायदा करून राज्यातल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्दच काढला आणि तिथे 'स्कॅर्सिटी' आणला. कारण असं दिलं, की टंचाईची चिन्हं दिसताच उपाय होतात, तेव्हा फॅमिनपर्यंत वेळ जाणार नाही. त्यामुळे इथल्या कागदपत्रांत 1972 सालच्या संकटालाही 'स्कॅर्सिटी' म्हटलेलं दिसलं तर गोंधळू नका. शब्द सौम्य आहे, पण त्यावरून हाल सौम्य होते असं समजू नये.

ड्रॉट म्हणजे दुष्काळ. तो आता केंद्राच्या 2016 च्या संहितेप्रमाणे ठरतो: आधी पावसाची तूट आणि खंड, मग पेरणी, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, जलसाठे आणि भूजल, आणि शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी. आपल्याकडे पैसेवारीही असतेच, म्हणजे नेहमीचं पीक रुपयाभर धरून यंदाचं किती पैसे आलं याचा अंदाज. नजरअंदाज, सुधारित, अंतिम या क्रमाने ती निघते आणि 50 पैशांच्या आत आली की पीक बुडालं असं धरतात. मंगळवेढ्यासारख्या ज्वारीच्या पट्ट्यात इथे एक अडचण येते. गाव रब्बीचं असेल तर खरिपाच्या पैसेवारीवरून त्याचं खरं चित्र दिसत नाही. आपलं गाव कोणत्या यादीत आहे ते तलाठ्याकडे आधी विचारा.

शब्दाने किती फरक पडतो, हे 2016 मध्ये दिसलं. शासनाच्या आधीच्या आदेशांत 'दुष्काळसदृश' असं होतं. मुंबई उच्च न्यायालयात प्रश्न उभा राहिल्यावर शासनाने त्या जागी 'दुष्काळ' वाचावं असा बदल केला.

पिण्याच्या पाण्याची टंचाई मात्र दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहत नाही. तिचा आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत असतो. विहिरीतला गाळ काढणं, खोलीकरण, खासगी विहिरीचं अधिग्रहण, नळ योजनेची विशेष दुरुस्ती, विंधन विहीर, आणि काहीच जमलं नाही तर टँकर. टँकरचा हिशेब ग्रामीण भागात माणशी दिवसाला 20 लिटर असा धरतात.

म्हणून टँकर हवा असेल तर निवेदनात 'दुष्काळ जाहीर करा' असं लिहू नका. तो विषय वेगळ्या टेबलावर जातो. 'पिण्याच्या पाण्याची टंचाई' असंच लिहा. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, लोकसंख्या, आटलेल्या विहिरी-बोअरची नावं आणि जवळचा चालू उद्भव (पाण्याचा स्रोत) किती अंतरावर आहे ते द्या. हा प्रस्ताव पंचायत समितीकडे जातो आणि तहसीलदार व गटविकास अधिकारी संयुक्त पाहणी करतात. अधिग्रहण करण्याजोगी विहीर गावात असूनही प्रस्तावात तिचा उल्लेख नसेल, तर पाहणीत ती सापडते आणि प्रस्ताव परत येतो.