वावडिंगातला नारिंगी रंग

आमच्या घरात बाळ आलं की आजी त्याच्या पाण्यात वावडिंग उकळायची. जंत होऊ नयेत, पोट धरू नये म्हणून. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा माझ्या डोक्यात तोच मसाल्याच्या डब्यातला कप्पा होता. या दाण्यांत जिवाणू मारणारं नेमकं काय आहे, ते मला वेगळं काढून बघायचं होतं.

बाजारातून अर्धा किलो वावडिंग आणलं आणि थेट दळायला निघाले. प्रोजेक्टच्या मार्गदर्शक मॅडमनी थांबवलं. म्हणाल्या, "आधी वनस्पतीशास्त्राच्या विभागात दाखवून ये. नाव चुकलं तर पुढचं सगळं चुकलं." तिथल्या सरांनी दाणे भिंगाखाली धरले. दाण्यांवर उभ्या रेघा होत्या. आयुर्वेदाच्या ग्रंथातलं विडंग म्हणजे एम्बेलिया राइब्स. त्याचा दाणा खरबरीत, बारीक पुळ्या असल्यासारखा असतो. माझ्याकडचे दाणे त्याच कुळातल्या दुसऱ्या वनस्पतीचे, एम्बेलिया त्सेरियम-कोट्टमचे निघाले. आपल्याकडे दोन्ही वावडिंग म्हणूनच विकले जातात. राइब्स सह्याद्रीत आता फार कमी उरलंय, त्यामुळे ते जंगलातून ओरबाडून आणण्यापेक्षा हाती आलेल्या दाण्यांवरच काम करायचं ठरवलं. प्रबंधात मात्र नाव खरं ते लिहिलं आणि नमुना विभागात जमा केला. हा एक दिवस मी वाचवला असता तर अख्खं वर्ष खोट्या नावावर उभं राहिलं असतं.

पहिली प्लेट आठवली की अजून पोटात कालवतं. मिथेनॉलमधला अर्क स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या प्लेटवर पाडलेल्या खड्ड्यात घातला आणि दुसऱ्या दिवशी खड्ड्याभोवती 14 मिलिमीटरचा, जिवाणू न वाढलेला स्वच्छ गोल दिसला. मी घरी फोन करून सांगूनही टाकलं. संध्याकाळी कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी अर्काशिवाय ठेवलेली प्लेट पाहिली. नुसत्या मिथेनॉलच्या खड्ड्याभोवतीही 11 मिलिमीटरचा गोल होता. म्हणजे बराचसा मार द्रावकाचाच. त्यानंतर प्रत्येक अर्क रोटाव्हेपरवर, म्हणजे द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर, पूर्ण सुकवायचा, मग डीएमएसओ या दुसऱ्या द्रावकात, थोड्याशाच, विरघळवायचा आणि शेजारी नुसत्या डीएमएसओचा खड्डा ठेवायचाच, हा नियम केला.

मग नव्याने सुरुवात. 200 ग्रॅम पूड हेक्झेन या द्रावकात तीन दिवस भिजवली, गाळली, द्रावक उडवून आटवली. फ्लास्क रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला होता. सकाळी तळाशी चकचकीत नारिंगी पापुद्रे बसले होते. एम्बेलिन, वावडिंगातलं नारिंगी रसायन! त्याचा ठिपका टीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या पट्टीवर घेतला. ती पट्टी अमोनियाच्या बाटलीच्या तोंडाशी धरली तर नारिंगी ठिपका डोळ्यांदेखत जांभळा झाला. एम्बेलिन हे क्विनोन जातीचं रसायन, त्याच्या हायड्रॉक्सिल गटांमुळे अल्कलीत हा रंग येतो, हे पुस्तकात वाचलं होतं. हातातल्या पट्टीवर बघणं वेगळंच.

पण नुसतं सुंदर दिसतं म्हणून तेच जिवाणू मारतं असं म्हणता येत नाही. म्हणून उरलेल्या अर्कातले घटक वेगळे करायला तो सिलिकाची पूड भरलेल्या उभ्या नळीवर, कॉलमवर, चढवला. नारिंगी पट्टा खाली उतरायला तयारच नव्हता, लांबलचक शेपूट ओढत बसला. सिलिकातल्या धातूंच्या अंशांना एम्बेलिन चिकटतं. ऑक्सॅलिक आम्लात भिजवून वाळवलेली सिलिका वापरली तेव्हा पट्टा सुटला. खाली उतरलेला द्राव 42 परीक्षानळ्यांत गोळा केला, टीएलसी पाहून त्यांचे सहा गट केले आणि सहाही जिवाणूंच्या प्लेटवर तपासले. गोल आला तो फक्त नारिंगी गटाला. त्यातून पुन्हा स्फटिक काढले. वितळणबिंदू 142 अंश सेल्सिअस, एम्बेलिनचाच.

किती मात्रा लागते हे मोजताना पुन्हा अडले. 96 खड्ड्यांच्या प्लेटमध्ये जिवंत जिवाणू रेझाझुरिन या रंगद्रव्याचा निळा रंग गुलाबी करतात, त्यावरून उत्तर वाचायचं. पण जिवाणू वाढवायचा ब्रॉथ किंचित अल्कलीधर्मी, त्यात एम्बेलिन स्वतःच जांभळं. निळं कुठलं आणि जांभळं कुठलं कळेना. दोन आठवडे त्यात गेल्यावर रंगाचा नाद सोडला आणि प्रत्येक खड्ड्यातला थेंब नव्या अगारवर, म्हणजे जिवाणू वाढतात त्या थिजलेल्या खाद्यावर, टिपून कुठे वाढ होते ते पाहिलं.

स्टॅफिलोकोकस 250 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला थांबला. ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूवर काहीच परिणाम नाही. तो ग्रॅम-निगेटिव्ह गटातला, आणि या गटातल्या जिवाणूंचं बाहेरचं आवरण अशा रेणूंना सहसा आत येऊ देत नाही. शेजारच्या रांगेत जेंटामायसिन या प्रतिजैविकाने तोच स्टॅफिलोकोकस एका मायक्रोग्रॅमच्या आत थांबवला होता. मी दोन्ही आकडे एकाच तक्त्यात, एकाखाली एक लिहिले. मला हे यश कमी वाटत नाही, पण इतकी जास्त मात्रा लागते त्याला औषध म्हणणं चूक ठरेल.

200 ग्रॅममधून 3.1 ग्रॅम स्फटिक मिळाले. काम झाल्यावर त्यातले थोडे काचेच्या कुपीत घालून आजीला दाखवायला नेले. तिने कुपी उजेडात धरली, हलवून पाहिली आणि विचारलं, "याचा वास का येत नाही गं?"