क्वाडचा प्लग घेताना आधी आकडा बघा

पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यात पर्यटकांना फिरवायला जे क्वाड, म्हणजे जाड टायरच्या चारचाकी ऑफरोड बाइक असतात, त्यांची देखभाल मी करतो. वाई-साताऱ्याकडच्या पोरांच्या डर्ट बाइकही माझ्याकडे येतात. दोन्हीकडून स्पार्क प्लगबद्दल एकच प्रश्न येतो, "इरिडियमच्या टोकाचा टाकू का?" धातूचं नंतर बघू. जुन्या प्लगवर आकडा कोणता आहे, तो आधी सांगा.

तो आकडा म्हणजे हीट रेंज. प्लगचं टोक आपली उष्णता किती लवकर हेडकडे (सिलिंडरच्या झाकणाकडे) सोडतं, ते त्यावरून कळतं. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्यावरचा कार्बन आपोआप जळून जातो. तेच ८०० च्या बरंच पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल-हवेचं मिश्रण पेट घेतं आणि पिस्टन वितळायची वेळ येते. एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. बॉशमध्ये बरोबर उलटं, आकडा लहान तितका प्लग थंड. म्हणून एका कंपनीचा प्लग काढून दुसरीचा बसवताना नुसता आकडा जुळवू नका, बदलीचा तक्ता बघा.

आता आमच्या क्वाडचं घ्या. भाड्याच्या बऱ्याच छोट्या ११० सीसी क्वाडमध्ये ए७टीसी हा चिनी प्लग येतो. त्याच्या जागी एनजीकेचा सी७एचएसए बसतो: आट्याचा व्यास १० मिमी, आट्याची लांबी १२.७ मिमी. या गाड्यांचं आयुष्यच वेगळं. पाच मिनिटं चालवायची, बंद करायची, पुन्हा चालू. थ्रॉटल जेमतेम उघडलेलं, पावसाळ्यात चोक ओढलेला. त्यात पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटर उंच. इथली हवा विरळ, आणि खालच्या हवेसाठी जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) लावलेला कार्ब्युरेटर इथे पेट्रोल जास्त सोडतो. टोक कधी पुरेसं तापतच नाही. प्लग काढला की कोरडी काळी काजळी, बोटाला लागणारी.

अशा वेळी लोक नवा प्लग घालतात, तो पंधरा दिवसांत तसाच होतो, मग प्लगला शिव्या. मी आधी एअर फिल्टर उघडतो. तांबडी माती बसून फिल्टर चोंदलेला असेल तर मिश्रण आणखी घट्ट होतं. मग चोक पूर्ण परततो का ते बघतो, मग जेट. हे सगळं नीट असून काजळी धरतच असेल, तरच एक पायरी गरम, म्हणजे ७ च्या जागी ६. एका पायरीच्या पुढे मी जात नाही. काजळी ओली आणि तेलकट असेल तर दुखणं प्लगचं नाहीच, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील बघावे लागतात.

मोटोक्रॉसच्या टूस्ट्रोकवाल्यांचं उलट असतं. गाडी सतत फुल थ्रॉटलवर, उन्हात, मऊ मातीत. तिथे कंपनीने सांगितलेल्या ८ ऐवजी ९ चालवायचा विचार करता येतो. तेच ९ लावून तो पोरगा घाटात रमतगमत फिरला, तर गाडी मिसिंग करणार. तरीही शंका असेल तेव्हा मी थंड बाजूला झुकतो. थंड प्लगने फार तर गाडी बंद पडते, गरम प्लगने इंजिन जातं.

आट्यांची लांबी मात्र कधीही अंदाजाने घेऊ नका. १२.७ मिमीच्या हेडमध्ये १९ मिमीचा प्लग घातला तर तो पिस्टनला आपटू शकतो. उलट केलं तर हेडचे उघडे आटे कार्बनने भरतात आणि पुढचा योग्य प्लग आत जाताना अडतो. नावातलं 'आर' हे अक्षरही गाळू नका. ते रेझिस्टरचं आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तो नसला तर ठिणगीचा विद्युत गोंधळ ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचू शकतो.

आणि इरिडियम? चांगला प्लग आहे. टोक बारीक, कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते, झिजतो हळू. जिथे प्लगपर्यंत पोचायला टाकी उतरवावी लागते, तिथे मी आनंदाने घालतो. पण चांगल्या इंजिनात तो ताकद वाढवत नाही, आणि काजळी त्यालाही धरते. टूस्ट्रोकवाल्याने त्याच पैशात दोन-तीन साधे प्लग घेऊन एक सीटखाली ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्लग खोलण्याआधी त्याच्याभोवतीची माती हवेने उडवा. ऑफरोड गाडीत ही पायरी सोडली तर खडा सरळ सिलिंडरमध्ये. नवा प्लग पूर्ण आत जाईपर्यंत हातानेच फिरवा, प्लगपाना नंतर. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये १० मिमीच्या प्लगला १० ते १२ न्यूटन मीटर पुरतात. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने प्लग ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो आणि आटे ताणले जातात. शेवटी कॅपचं रबर तपासा. ते चिरलं असेल तर पहिल्या ओढ्यातच पाणी आत शिरेल.