मालवणच्या समुद्रात गरवायला गेलो त्याची गोष्ट

कोल्हापुरात गळ टाकणाऱ्यांची जमातच वेगळी. सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत पंचगंगेचा काठ गाठायचा, कणकेच्या गोळ्या लावून बसायचं आणि दुपारपर्यंत चार चिलापी घेऊन घरी यायचं. कुणाला मरळ लागली तर पुढचा आठवडाभर तिची लांबी कट्ट्यावर वाढत राहते. आमची टोळी त्यातलीच. अख्खी होडी ठरवून समुद्रात गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, जायचं असं ठरलं तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात नदीच होती, जरा मोठी.

ओळखीतून मालवणच्या एका तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, नंबर मिळाला. आमच्यातल्या एकानं फोनवर पहिलाच प्रश्न टाकला, "मासा नक्की मिळणार का?" पलीकडून उत्तर आलं, "मासो काय माझ्या दावणीक बांधलेलो नाय." विचारायचं असतं ते वेगळंच. दर माणशी आहे की होडीमागे? आमचा होडीमागे होता, म्हणजे चौघं गेलो काय नि सहा गेलो काय, पैसे तेवढेच. डिझेल त्यात धरलंय का? तास जेट्टीवरून मोजायचे की गळ पाण्यात पडल्यापासून? रॉड, रीळ, आमिष, बर्फ कुणाचा? आणि मिळालेला मासा कुणाचा? हे शेवटचं विचारायला लोक लाजतात, पण किनाऱ्यावर परतल्यावर वाद होतो तो ह्याच्यावरूनच. आमच्या तांडेलानं सगळा मासा तुमचा म्हणून आधीच सांगून टाकलं.

तारीखही त्यानंच ठरवली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते, आणि ऑगस्टमध्येही समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. त्यातही आम्ही धरलेला शनिवार अमावास्येला लागून होता, तो त्यानं मोडीत काढला. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाण्याला ओढ जबर, तळाला सोडलेली गरी, म्हणजे गळ, एका जागी राहतच नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती, तेव्हा पाणी त्या मानानं शांत. कॅलेंडरात तिथी बघून रजा टाकायची वेळ आमच्यावर पहिल्यांदाच आली.

राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटानं रात्री उतरलो. ह्या रस्त्यानं रात्री जाणाऱ्यांनी गाडी हळू चालवावी. दाजीपूरच्या पट्ट्यात गवा मधोमध उभा असतो आणि हॉर्नला भीक घालत नाही. बोट लागू नये म्हणून ॲव्होमिनच्या गोळ्या सोबत होत्या. ह्या गोळीनं झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्यानं मुक्कामी पोहोचेपर्यंत हात लावायचा नाही असं ठरलं होतं. घ्यायची ती होडीत बसायच्या आधी तासभर. मळमळायला लागल्यावर घेतली तर पोटात टिकतच नाही. आणखी काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारलेलं बरं.

सकाळी निघतानाच तांडेलानं लाइफ जॅकेट अंगात घालायला लावलं आणि बसायची जागा वाटून दिली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास मालवणचं सागरी अभयारण्य आहे, १९८७ साली जाहीर झालेलं, २९ चौरस किलोमीटरचं. त्याच्या गाभ्यात गरी टाकायची नाही, त्यामुळे किल्ला मागे टाकून आम्ही निवतीच्या दिशेला बाहेर निघालो. पहाटेचा, जमिनीकडून येणारा मतलई वारा मंद असतो, पाणी तेलासारखं. खरी मासेमारी ह्याच वेळात उरकते. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की लाटा उठायला लागतात, म्हणून परतीची वेळ आधीच ठरलेली असते. तिथं "अजून अर्धा तास की हो" चालत नाही.

पहिला प्रकार ट्रोलिंगचा. होडी सावकाश चालत राहते आणि मागं प्लास्टिकचे नकली मासे लांबवर ओढत न्यायचे. सुरमईसाठी हे. तिचे दात कात्रीसारखे, म्हणून दोरी आणि गळाच्या मध्ये स्टीलची वायर. खलाशी रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना लागणारा ब्रेक, बोटानं ओढून बघून, थोडा सैल करून द्यायचा. मग बसून राहायचं. बराच वेळ काहीच घडत नाही. होडीच्या मशीनचा आवाज, डिझेलचा वास आणि ऊन. आमच्यातले दोघे तर पेंगायला लागले.

आणि मग रीळ किंचाळतं. दुसरा शब्द नाही. नदीवर चिलापी लागली की आपण हिसका देतो, ती सवय हाताला असतेच. मित्रानं रॉड धरून हिसका मारला तसा तांडेल ओरडला, "ओढू नकात! तेका पळांदे!" सुरमई पहिल्या धावेत शंभरेक फूट दोरी सहज नेते. तेव्हा धरून ठेवलं तर दोरी तरी तुटते, नाहीतर तोंडातून गळ तरी सुटतो. ती थांबली की रॉड वर उचलायचा, खाली आणताना रीळ गुंडाळायचं, पुन्हा तेच. मित्राचे दंड भरून आले, शेवटी रॉड माझ्याकडे दिला. जवळ आल्यावर पाण्यात आधी चांदीचा पट्टा चमकला. खलाशानं आकडा मारून तिला वर घेतलं. तीनेक किलोची असावी. आमच्यासाठी ती व्हेलच होती.

दुसरा प्रकार नांगर टाकून तळाशी गरवायचा. बारा-चौदा वाव पाणी, खाली खडप, म्हणजे खडकाळ तळ. वाव म्हणजे साधारण सहा फूट. गरीला माकूल (स्क्विड) किंवा बांगड्याचा तुकडा, खाली शिसं. शिसं तळाला टेकलं की दोरी सैल पडते, मग हातभर वर घ्यायची, नाहीतर गरी खडकात अडकते. इथं तांबोशी (स्नॅपर) आणि गोबरा (ग्रूपर) हे खडकातले मासे मिळतात. गोबरा लागला की पहिल्या क्षणी खडकाच्या कपारीत घुसतो, म्हणून इथं मात्र सुरुवातीलाच जोर लावायचा. म्हणजे मघाशी शिकलेलं सगळं उलटं. मला स्वतःला हेच जास्त आवडलं, कारण दोरीतून तळ हाताला कळतो.

पण बोट लागते तीही इथंच. चालत्या होडीत ठीक असलेला माणूस नांगरलेल्या होडीत गार पडतो. उलट्या सुरू झालेल्याला होडीच्या मध्यावर, वाऱ्याच्या तोंडाला बसवलं आणि लांब क्षितिजाकडे बघायला सांगितलं. मोबाइलमध्ये बघणारा सगळ्यात आधी जातो.

वर येणारा प्रत्येक मासा ठेवायचा नसतो. केंड (पफर मासा) फुगून वर आला की पोरांना मजा वाटते, पण तो विषारी. खलाशानं पक्कडीनं गळ काढून पाण्यात सोडला. शिंगाळ्याचे काटे हातात घुसले तर दिवस वाया जातो, त्यालाही आपण हात लावायचा नाही. लहान सुरमई आली तीही परत सोडली. महाराष्ट्रात २०२३ पासून ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिलाय, सुरमईचा ३७० मिलिमीटर.

बर्फाच्या बाबतीत कोल्हापूरकरांनी कंजूषपणा करू नये. सुरमई, बांगडा, कुपा (ट्यूना) हे मासे उन्हात राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. त्यानं अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं, आणि शिजवलं, तळलं तरी ते जात नाही. म्हणून मासा वर आला की लगेच बर्फात. आम्ही पेटीत खाली बर्फ, वर मासा, पुन्हा बर्फ असे थर लावले आणि घाट चढायच्या आधी फोंड्यात चहाला थांबून साठलेलं पाणी काढून आणखी बर्फ भरला.

वाटणी कट्ट्यावरच झाली. तुकड्यांवरून घासाघीस झाली, डोकं मात्र कुणी मागेना. ते मी उचललं. सुरमईच्या डोक्याचा रस्सा ज्यानं खाल्लेला नाही त्याला समजावत कशाला बसायचं?