मलेरियाच्या तापात दुखण्याची गोळी

पावसाळा लागला की दुकानात हमखास येणारा प्रश्न : "मलेरियाचं औषध चालू आहे, अंग फार ठणकतंय, जोडीला पेनकिलर घेतली तर किडनीला त्रास होतो का?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात माझं मेडिकल आहे, आणि हा ताप इथे घराघरांत ओळखीचा आहे.

होतो. पण लोक दोष देतात मलेरियाच्या औषधाला. "गरम पडतं" म्हणून ३ दिवसांचा कोर्स दुसऱ्याच दिवशी सोडतात. ते मात्र करू नका. किडनीला खरा धोका आधी मलेरियाचाच, त्यातही फाल्सिपेरम या जातीच्या मलेरियाचा. जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात, फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन रक्तात मोकळं फिरतं, वर उलट्या आणि घामाने अंगातलं पाणी आटतं. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य किडनीकडे येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवतं, म्हणून किडनी तग धरते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक नेमकं तेच द्रव्य तयार होऊ देत नाहीत. ठणका थांबतो, आणि किडनीचा तो आधारही जातो. धडधाकट माणसाला एखादी गोळी सोसते, दोन दिवस पोटात पाणी न ठरलेल्याला सोसेलच असं नाही.

रोवणीच्या दिवसांत एक बाई रिकामी पट्टी घेऊन आली. नवऱ्याला ताप, आशाताईंनी बोटातून रक्त घेऊन तपासलं, मलेरिया निघाला, गोळ्याही दिल्या. "भाऊ, ही तापाचीच गोळी ना? अजून द्या." पट्टी उलटली. मागे बारीक अक्षरांत दोन नावं होती, पॅरासिटामॉल आणि एसिक्लोफेनॅक. दिवसाला चार-चार चालल्या होत्या. मी विचारलं, लघवी कधी झाली? "काल दुपारी." त्याच पावली तिला दवाखान्यात पाठवलं. नवऱ्याला डायलिसिस लागलं, पण माणूस चालत घरी आला. मलेरियाने किती बिघडवलं आणि गोळीने किती, हे मला सांगता येणार नाही. ती पट्टी मात्र मी विसरलेलो नाही.

म्हणून मलेरियात नुसती पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची एक, पुढची ६ तासांनी. लिव्हरचा आजार किंवा कावीळ असेल तर तीही डॉक्टरांना विचारून. दुखण्याची सुई तर मागूच नका.

प्रायमाक्विन या मलेरियाच्याच एका गोळीची गोष्ट वेगळी. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी, म्हणजे तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम, कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट दिसली, किंवा सकाळपासून संध्याकाळपर्यंत झालीच नाही, तर माझ्या दुकानात वेळ घालवू नका. थेट दवाखाना गाठा, आणि घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, सोबत न्या.