सकाळीच सापडलेले ओपनएसएसएल

मे महिन्यातल्या जळगावात दुपारी कोणी विनाकारण बाहेर पडत नाही. आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत मात्र त्या दिवशी मी सकाळी नऊपासून बसून होतो. तापी खोऱ्यातील पावसाचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधक विद्यार्थिनीला हवामान खात्याच्या नेटसीडीएफ (हवामानाची आकडेवारी साठवण्याचा एक प्रकार) फायली वाचायच्या होत्या आणि त्यासाठी लागणाऱ्या लायब्ऱ्या, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारे तयार कोड, संध्याकाळपर्यंत हव्या होत्या.

या कामासाठी मी स्पॅक वापरतो. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झालेला हा पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर बसवून देणारे साधन, सहसा प्रत्येक गोष्ट मूळ सोर्सपासून (प्रोग्रामच्या लिखित कोडपासून) बांधतो, आणि दुपारी वीज जाण्याचा भरवसा असलेल्या गावात ही चैन परवडत नाही. म्हणून मी आधी ‘स्पॅक एक्स्टर्नल फाइंड’ ही आज्ञा चालवतो. ती पाथमधील, म्हणजे संगणक एरवी प्रोग्राम जिथे शोधतो त्या, फोल्डरांत ओळखीच्या नावाचे प्रोग्राम शोधते, त्यांनाच चालवून आवृत्ती विचारते, मिळालेल्या उत्तरातून आकडा वेचते आणि तो प्रोग्राम कुठे आहे याची नोंद पॅकेजेस डॉट यॅमल या स्पॅकच्या सेटिंग्जच्या फाइलीत करते. पुढे बांधणी करताना स्पॅक त्या नोंदीवर विसंबतो. मी शहाणपणा करून ‘नॉट बिल्डेबल’ हा पर्यायही जोडला होता, म्हणजे यादीत आलेले काहीही स्पॅकने स्वतः बांधायचे नाही.

यादीत ओपनएसएसएल १.१.१के (सुरक्षित, सांकेतिक संपर्कासाठीचे सॉफ्टवेअर) आले, सीमेक (इतर सॉफ्टवेअर बांधायला लागणारे साधन) आले नाही, म्हणून ते बांधायला घेतले. बराच वेळ पंख्यासारखा आवाज करून बांधणी थांबली. ओपनएसएसएल सापडत नाही, त्याचे डेव्हलपमेंट पॅकेज बसवा, असे संदेशात स्पष्ट लिहिले होते. मी तो वाचला आणि सोडून दिला, कारण ओपनएसएसएल तर यादीत होते. बांधणी चालली होती त्या संगणकावर ओपनएसएसएलची आवृत्ती विचारून पाहिली. तेच उत्तर, अक्षर न अक्षर सारखे. मग दोन तास मी सीमेकच्या आवृत्त्या बदलत राहिलो. पाण्याची बाटली ठेवायला आलेल्या नानांनी “काय व्हयनं भाऊ?” असे विचारले, तेव्हा मला धड सांगताही आले नाही.

उलगडा झाला तो हेडर फाइलींचा (लायब्ररी कशी वापरायची हे बांधणीला सांगणाऱ्या फाइलींचा) फोल्डर उघडल्यावर. शोध मी सर्व्हरवर घेतला होता आणि बांधणी प्रयोगशाळेतल्या संगणकावर चालली होती. दोन्हीकडे माझा होम फोल्डर एकच, एनएफएसवरून (नेटवर्कवरून फोल्डर वाटून घेण्याच्या सोयीतून) आलेला, आणि पॅकेजेस डॉट यॅमल त्याच होममध्ये; त्यामुळे सर्व्हरची यादी सगळ्या संगणकांनी आपली मानली. ओपनएसएसएलचा प्रोग्राम दोन्हीकडे होता. बांधणीला लागणाऱ्या हेडर फाइली मात्र ओपनएसएसएल-डेव्हल या वेगळ्या पॅकेजमधून येतात, आणि ते फक्त सर्व्हरवर होते. प्रयोगशाळेतले संगणक ज्या पुरवठादाराने बसवून दिले, त्याने कमीत कमी पॅकेजांवर काम भागवले होते. बिलात मात्र काटकसर दिसली नाही.

चूक माझीच, हे खरे. तरीही प्रोग्राम चालतो एवढ्यावरून त्याच्यावर दुसरे काही बांधता येईल असे गृहीत धरणारे साधन मला खटकते, कारण हे टाळता येते हे स्पॅकलाच ठाऊक आहे. एनकर्सेस ही टर्मिनलच्या पडद्यासाठीची लायब्ररी ओळखताना ते ‘कॉन्फिग’ नावाने संपणारा प्रोग्राम शोधते, आणि आमच्या प्रणालीत तो डेव्हल पॅकेजबरोबरच येतो. म्हणजे हेडर नसतील तर एनकर्सेस यादीत येतच नाही.

ओपनएसएसएल स्पॅककडून बांधून घेणे सोपे होते, पण त्याचे सुरक्षा-दुरुस्तीचे अपडेट प्रणालीकडूनच यावेत असा माझा आग्रह असल्याने मी प्रत्येक संगणकावर डेव्हल पॅकेज बसवले. सीमेक साडेपाचला बांधून झाले आणि लायब्ऱ्या दुसऱ्या दिवशी सकाळी. इंटरनेटवरून फाइली उतरवणारे कर्लही नुसत्या प्रोग्रामवरूनच ओळखले जाते. त्याच्या हेडर फाइली चार संगणकांवर तपासायच्या अजून राहिल्या आहेत.