‘इन’ म्हणजे दर वेळी ‘नाही’ नव्हे

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आमची बॅच केव्हाच शाळेबाहेर पडली होती. त्यामुळे आठवीत पोचलो तरी इंग्रजीच्या नावाने आनंदच होता आणि स्पेलिंगं म्हणजे निव्वळ घोकंपट्टी. ती घोकंपट्टी सुटली संस्कृतच्या तासाला!

आमचे सर इंग्रजी आणि संस्कृत दोन्ही शिकवायचे. एकदा त्यांनी फळ्याच्या डाव्या बाजूला लिहिलं, ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते । प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥’ उपसर्ग धातूच्या अर्थाला बळेच ओढून भलतीकडे नेतो. ‘हृ’ धातू एकच, पण आहार केला तर पोट भरतं आणि प्रहार केला तर... पुढचं वाक्य सर छडीकडे बघत अर्धवटच सोडायचे.

मग उजव्या बाजूला ‘पोर्ट’ लिहिलं. लॅटिनमध्ये हा वाहून नेण्याचा धातू. आत आणलं की इम्पोर्ट, बाहेर नेलं की एक्स्पोर्ट, पलीकडे नेलं की ट्रान्स्पोर्ट, खालून पेललं की सपोर्ट, देशाबाहेर घालवलं की डीपोर्ट आणि खबर माघारी आणली की रिपोर्ट. त्या तासाला पाठ काहीच केलं नाही, पण घरी जाताना आम्ही रस्त्यातल्या पाट्यांवरचे शब्द फोडत गेलो.

नकाराच्या ‘इन’ची गंमत आणखी वेगळी. ‘इनपॉसिबल’ भरभर म्हणून बघा, असं सर सांगत. ‘प’साठी ओठ मिटायला लागतात, म्हणून आधीचा ‘न’ आपसूक ‘म’ होतो. ‘संताप’ म्हणताना अनुस्वाराचा ‘न’ होतो आणि ‘संबंध’ म्हणताना ‘म’, तोच हा प्रकार. आपलं ‘अन्’, लॅटिनचं ‘इन’, ग्रीकांचं ‘अन्’ आणि इंग्रजीचं स्वतःचं ‘अन’ ही सगळी एकाच कुळातली भावंडं, हे कळल्यावर इंग्रजीची भीती निम्मी गेली.

उरलेली प्रयोगशाळेत गेली. विज्ञानाच्या बाईंनी परीक्षानळीत मोरचूद तापवला. निळे खडे पांढरेफटक पडले, बाहेर पाण्याची वाफ आली. बाई म्हणाल्या, हे ‘अ‍ॅनहायड्रस’ कॉपर सल्फेट. आमच्यातला एक जण मागून ओरडला, ‘‘अन् म्हणजे नाही, हायड्र म्हणजे पाणी!’’ बाईंनी नळी गार झाल्यावर दोन थेंब पाणी टाकलं आणि पूड पुन्हा निळी झाली. असा शब्द कोण विसरेल?

पुढे मी डिप्लोमा करून रासायनिक कारखान्यात लागलो. तिथे कळलं की सरांचे हे उपसर्ग-प्रत्यय केवळ मार्कांपुरते नव्हते. पेट्रोलच्या टँकरमागे ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. ‘इनकरेक्ट’ म्हणजे बरोबर नसलेलं, मग हे न पेटणारं का? उलट, भडकन पेट घेणारं! इथला ‘इन’ नकाराचा नाही, तो इम्पोर्टमधला ‘आत’चा. लॅटिनमध्ये ‘इनफ्लामारे’ म्हणजेच पेटवणं. या घोळापायीच लेबलांवर आता नुसतं ‘फ्लेमेबल’ छापतात. ‘इन’ असो वा नसो, अर्थ तोच.

प्रत्यय तर त्याहून डोळ्यांत तेल घालून वाचावे लागतात. ‘फेरस’ आणि ‘फेरिक’ दोन्ही लोखंडच, पण ‘इक’मध्ये संयुजा, म्हणजे इतर अणूंशी जोडून घेण्याची क्षमता, वरची. ‘आइट’पेक्षा ‘एट’मध्ये ऑक्सिजन जास्त. बॉयलरच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन गंज धरवतो, तो शोषून घ्यायला सोडियम सल्फाइट लागतं. सोडियम सल्फेट टाकलं तर काहीही उपयोग नाही, कारण त्याची ऑक्सिजनची भूक आधीच भागलेली. दोन्ही पांढरी पूड, फरक फक्त शेवटच्या अक्षरांचा. सोडियम नायट्राइट तर नायट्रेटपेक्षा कितीतरी जास्त विषारी.

शाळांतून अजूनही उपसर्गांच्या याद्या पाठ करायला देतात, हे मात्र मला मुळीच पटत नाही. मी नव्या पोरांना स्टोअरमध्ये उभं करून पोत्यावरचं नाव शेपटाकडून वाचायला लावतो. बहुतेक जण मराठी माध्यमाचेच असतात. ‘आइट की एट?’ एवढंच विचारतो आणि नीट उत्तर आल्याशिवाय माल काढायच्या चिठ्ठीवर सही करत नाही.